रजयांच्या कपाटातली मशीन

मित्रांनो, मी एक जुनी, हातानं फिरवायची शिलाई मशीन आहे. कारखान्यात मला काळा रंग चढला, दुकानाच्या काचेमागे मी थोडे दिवस मिरवले आणि मग मालकिणीच्या घरी आले. तिनं माझ्यावर गणवेश शिवले, पडदे शिवले, नवरीचे कपडेही शिवले. "ही मशीन कसली, घरातला कर्ता माणूस आहे!" असं तिचे सासरे म्हणायचे. मी फुलून जायचे. आता मात्र मी रजयांच्या कपाटात कोंडलेली आहे आणि मला इथे फार भीती वाटते.

मालकिणीचं कर्ज थकलं, कोर्टात निकाल तिच्याविरुद्ध गेला आणि कोर्टाचा बेलिफ जप्तीला येणार अशी कुणकुण लागली. सासऱ्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी मला उचलून इथे कोंबलं.

बेलिफ आला तो दार वाजवून बाहेरच थांबला. त्यानं ओळखपत्र दाखवलं, कोर्टाचा कागद वाचायला दिला, मग घरात काय काय आहे ते विचारलं.

मालकिणीनं तोंड उघडण्याआधीच सासरे म्हणाले, "मशीन होती, विकली. शिवणकाम बंदच आहे."

"काका, हे कोर्टापुढे जाणार हं," बेलिफ जबाब लिहिता लिहिता म्हणाला. "आणि ज्यावर पोट चालतं ते अवजार आम्ही नेत नसतो. विचारायचं तरी!"

पण सासऱ्यांचं खोटं तोवर कागदावर चढलं होतं. मालकिणीला ते खोडायचा धीर झाला नाही. तिनं त्या जबाबाखाली सही केली आणि तो गेला.

आता बघा कशी गंमत झाली. मला कुणी नेणारच नव्हतं, पण आता मला फिरवायची सोय उरली नाही, कारण माझी खडखड शेजारी ऐकू जाते आणि कागदावर तर मी विकलेली आहे. गिऱ्हाईक आलं की मालकीण म्हणते, "सध्या नाही हो शिवत मी," आणि दार लावून रडते. घरातले डबे रिकामे होत चालले आहेत. माझ्या चाकाला गंज चढतो आहे.

आज ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मी कोर्टात जाऊन खरं सांगते."

"अगं, खोटेपणाचा ठपका बसेल!"

"मग जन्मभर अशीच कपाट राखत बसू?"

मग सासऱ्यांचा आवाज आला, "थांब. खोटं मी बोललो, सही मात्र तुझी गेली. मीही येतो."

मित्रांनो, तुमच्याकडे बेलिफ आला तर ओळखपत्र बघा, कागद वाचा, कळलं नाही तर बिनधास्त विचारा. पण खोटं सांगू नका. आणि माझ्यासारखीला जपायचं असेल तर तेल घाला, चालती ठेवा. अंधारात ठेवून कुणी जपलं जात नाही.

बाहेर कुलूप लागलं. दोघं कोर्टात गेली. त्यांचं तिथे काय होईल, ती परत येईपर्यंत मला इथून कळणार नाही.