हर्शेलच्या तळघराला कुलूप

सोमवारी सकाळी मी तळघराच्या दाराला कुलूप घातलं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. आमच्या बेल्वा गावात नवरा-बायकोचं भांडण महिनाभर झाकून राहील, पण वसंतात तळघराला कुलूप लागलेलं तासभरसुद्धा झाकून राहायचं नाही.

टेक्ससच्या या सपाट मुलखात मार्च ते जून कोणी तळघराचं दार बंद ठेवत नाही. टोर्नेडोचा, म्हणजे चक्रीवादळाचा भोंगा वाजला की ज्याच्याकडे तळघर नाही त्याने ज्याच्याकडे आहे त्याच्या परसात यायचं आणि लोखंडी दार उचलून खाली उतरायचं. विचारायचं नाही, दार वाजवायचं नाही. आमच्या गल्लीत एकच तळघर, आमचं. माझ्या नवऱ्याने, हर्शेलने, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी स्वतः खणलेलं. दोन्ही भिंतींना बाकडी, कोपऱ्यात पाण्याचे कॅन, खिळ्याला कंदील. इतकी वर्षं सगळी गल्ली त्या बाकड्यांवर बसून वाचली.

कुलूप घातलं ते एका माणसासाठी. आमच्याच गल्लीतल्या रॉयस मॅडक्ससाठी.

पाच वर्षांपूर्वी मार्चमध्येच त्याने कुंपणाला अडकलेली वाळकी काटेरी झुडपं पेटवली. हिवाळाभर वाऱ्यावर गडगडत आलेली ती झुडपं, ढीग छातीइतका. पहाटे इथे पानही हलत नाही. इथे जन्म गेलेला माणूससुद्धा त्या शांततेला भुलतो आणि म्हणतो, पटकन जाळून टाकू. उन्हं वर आली की नैर्ऋत्येचा वारा उठतो, आणि मग देवाच्या बापाच्यानेही आग आवरत नाही. त्या दिवशी गावाबाहेरची सगळी कुरणं जळाली, टेट कुटुंबाची वासरं गोठ्यात होरपळली. हर्शेल त्याच कुंपणाच्या पलीकडे फाटक दुरुस्त करायला वेल्डिंगचं यंत्र घेऊन गेला होता. रॉयसने कानांवर हात ठेवले. लोक म्हणाले, वेल्डिंगची ठिणगी. हर्शेल गावच्या बंबाचा प्रमुख होता, आयुष्यभर दुसऱ्यांच्या आगी विझवलेला माणूस. त्याच्या हातातून त्यांनी बंबाच्या किल्ल्या काढून घेतल्या. तो फक्त एवढंच सांगत राहिला, की मी यंत्र चालूच केलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत रॉयसने त्या राखेवरून ट्रॅक्टर फिरवून जमीन उलटी केली होती. मी हे गावभर सांगितलं. बायको आणखी काय सांगणार, असं म्हणून लोकांनी मान हलवली.

हर्शेल त्यानंतर दोन हिवाळे जगला. बंबाचा आवाज आला की उठून खिडकीपाशी जायचा आणि परत येऊन बसायचा. माझ्या अंगाचा आजही तिळपापड होतो.

मंगळवारी धूळ उठली. आकाश तांबडं झालं, दातांखाली वाळू करकरायला लागली, दुपारी दिवे लावावे लागले. त्या धुळीत तोंडाला रुमाल बांधून डॉइल आला. डॉइल शेजारचा विधुर, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. त्याला हवामानाचं वेड आहे आणि त्याचे अंदाज हमखास चुकतात. गल्लीने त्याला पुढे केलं होतं हे मला दिसत होतं. तो बराच वेळ पावसाबद्दलच बोलला. मग म्हणाला, कुलूप गंजलंय का, तेल आणून देऊ का.

"गंजलेलं नाही, नवं आहे," मी म्हणाले. "किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात आहे. भोंगा वाजला की तुम्हा सगळ्यांना उघडेन. रॉयसलाही उघडेन. फक्त आत येण्याआधी त्याने तुमच्या सगळ्यांच्या देखत सांगायचं, त्या सकाळी त्याने काय पेटवलं."

"पाच वर्षं झाली, ओलीटा."

"मग इतक्या दिवसांत शब्द पाठ झाले असतील त्याचे."

डॉइल बुटांकडे बघत राहिला. मला वाटलं, रॉयसची लाज वाटतेय त्याला. मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही.

बुधवारी उत्तरेचा वारा आला. सकाळी बाह्या वर केलेले लोक दुपारी कोट शोधत होते, संध्याकाळी बर्फाचे खडे पडायला लागले. समोर राहणाऱ्या रूबी फे हिने दरवर्षीप्रमाणे घाई करून टोमॅटोची रोपं लावली होती. वेड्या बाभळींना अजून पालवी फुटलेली नाही, थंडी परत येईल, थांब, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. आता ती प्रत्येक रोपावर बादली उपडी घालत फिरत होती आणि वाऱ्याने बादल्या रस्त्यावर पळत होत्या. एरवी मी मदतीला गेले असते. त्या दिवशी खिडकीतून बघत राहिले.

त्याच संध्याकाळी रॉयसची बायको नेल्डा आली, हातात फडक्याने झाकलेला, अक्रोडासारखे पेकन घातलेला केक. तिचे गुडघे गेलेत, आमच्या चार पायऱ्या चढायलाही तिला वेळ लागला. ती म्हणाली, रॉयस रात्री झोपत नाही. मी म्हटलं, हर्शेलही झोपत नव्हता. ती म्हणाली, रॉयस म्हणतो, मरेन पण तिच्या दारात भीक मागणार नाही.

"भीक नको आहे मला," मी म्हणाले. "खरं हवंय. ते त्याच्याकडे आहे."

नेल्डाने केक टेबलावर ठेवला आणि गेली. मी तो डॉइलच्या कुत्र्याला घातला. पेकन चांगले होते, कुत्रा खूश झाला. मला थोडंही वाईट वाटलं नाही.

गुरुवारी धुकं होतं. शुक्रवारी एकदम उकाडा वाढला. दक्षिणेचा दमट वारा, अंगाला शर्ट चिकटलेला, गुरं कुंपणाच्या एका कोपऱ्यात गोळा झालेली. दुकानात बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. पाव घेताना कोणीतरी मागून म्हणालं, की तळघराला कुलूप लावणारी बाई उद्या चर्चच्या दारालाही लावेल. मी मागे वळून बघितलं, तेव्हा सगळ्या जणी भोपळ्यांचे भाव बघत होत्या. मी मनात म्हटलं, थांबा, रॉयसच्या तोंडून ऐकाल तेव्हा तुमची तोंडं बघायला मला फार आवडेल. सबंध आठवडा मी याच एका घटकेवर जगत होते.

शनिवारी चारच्या सुमारास नैर्ऋत्येला ढग फुलकोबीसारखे वर चढायला लागले. आमचे पुरुष भोंगा वाजला की आत जात नाहीत, आधी अंगणात उभे राहून ढगाकडे बोटं दाखवतात. डॉइल म्हणाला, हे उत्तरेला निघून जाईल. तेवढ्यात वारा पडला. आकाश हिरवट झालं, आणि ढगाचा तळ हळूहळू फिरत खाली लोंबायला लागला. भोंगा वाजला.

मी कुलूप काढून दार उघडलं. रूबी फे तिचं म्हातारं कुत्रं काखोटीला मारून उतरली. मग डॉइल. नेल्डा त्याच्या हाताला धरून एक एक पायरी गेली. शेवटी रॉयस आला, पिकअप रस्त्यातच सोडून, टोपी हातात. मी पायरीवर उभी राहिले आणि दार अर्धं ओढून धरलं.

"बोल," मी म्हणाले.

"आत येऊ दे, मग बोलतो."

"नाही. तिथूनच. हे सगळे ऐकताहेत."

पहिली गार पिकअपच्या टपावर पडली, मग दुसरी, मग लिंबाएवढ्या गारांचा नुसता मारा सुरू झाला. एक त्याच्या कपाळावर बसली आणि भुवईवरून रक्त ओघळलं. आतून नेल्डा किंचाळत होती, डॉइल माझ्या खांद्याला धरून मागे ओढत होता. मी दाराची कडी सोडली नाही. दूर मालगाडीसारखी घरघर सुरू झाली होती. भीती मलाही वाटत होती. पण पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते हातभर अंतरावर उभं होतं.

रॉयसने टोपी डोक्यावर धरली, खाली वाकला आणि तळघरात तोंड घालून म्हणाला, "मी पेटवली होती. कुंपणाजवळची झुडपं. वारा नव्हता तेव्हा. हर्शेलचं यंत्र अजून गाडीतच होतं. माझ्या हातून झालं, त्याच्या नाही."

मी बाजूला झाले. तो आत पडल्यासारखा उतरला, डॉइलने दार ओढून अडणा घातला. मी कंदील उचलला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. यासाठीच तर सगळं केलं होतं. रूबी फे कुत्र्याच्या कानामागे खाजवत होती. डॉइल ओला सदरा पिळत होता. नेल्डा नवऱ्याच्या कपाळाला रुमाल लावत होती. तिच्याशिवाय कोणीही रॉयसकडे बघत नव्हतं. बाकीचे माझ्याकडे बघत होते, आजारी माणसाकडे बघतात तसे.

"झालं ना समाधान?" डॉइल म्हणाला. "आता बस खाली."

"तुला ठाऊक होतं," मी म्हणाले.

उत्तर रूबी फेने दिलं, आणि तेही कुत्र्याकडे बघत. "सगळ्यांनाच होतं, ओलीटा. दुसऱ्या दिवशी नांगरलेलं दिसलं होतंच की. पण रॉयसकडे कापसातली सरकी काढायची जिन. सगळ्यांचा कापूस तिथे जातो. जिन बंद पडली असती तर गाव बसलं असतं. हर्शेल तसाही निवृत्तीला आला होता. आणि तो असा चांगला माणूस. आम्हाला वाटलं, तो सोसेल."

वर दार धडधडत होतं, कानांत दडे बसले. वादळ डोक्यावरून जाताना आम्ही एकमेकांचे हात धरतो, ती पद्धतच आहे. नेल्डाने अंधारात माझा हात शोधला. मी तो एप्रनच्या खिशात घट्ट दाबून ठेवला. प्रत्येक वसंतात ही माणसं याच बाकड्यांवर येऊन बसली होती. हर्शेल यांना पाणी द्यायचा, कंदिलाची वात सारखी करायचा, बायकांना बसायला जागा करून स्वतः पायरीवर बसायचा. त्याच्यासमोर बसून, सगळं ठाऊक असताना, ही सगळी मूग गिळून पाणी प्यायली होती.

टोर्नेडो गावाच्या उत्तरेकडून निघून गेला. डॉइलचा अंदाज जन्मात पहिल्यांदा खरा ठरला. काचा सगळ्यांच्या फुटल्या, घरं उभी राहिली. बाहेर पडताना रॉयस माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, उद्या चर्चमध्येही सांगतो, हवं तर. मी म्हटलं, तिथे कोणाला नवीन आहे?

रविवारी लख्ख ऊन पडलं. मी चर्चला गेले नाही. शेजारच्या तालुक्यात खोदकामाचं यंत्र असलेल्या एका माणसाला फोन केला. आमच्या गावच्या माणसाला मुद्दामच बोलावलं नाही. सोमवारी सकाळी तो आला, माती भरलेला ट्रक घेऊन. त्याने दोनदा विचारलं, बाई, नक्की ना, अजून सगळा वादळांचा हंगाम पडलाय. मी फक्त कंदील काढून घेतला. बाकी सगळं बाकड्यांसकट त्याने बुजवलं.

आवाज ऐकून गल्ली जमली. कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं धाडस कोणी केलं नाही. डॉइल म्हणाला, हे वेड आहे, ओलीटा. रूबी फे रडायला लागली. नेल्डा कुंपणाला धरून उभी होती.

"अगं, पण तू स्वतः कुठे जाशील?" तिने विचारलं.

"कुठेच नाही," मी म्हणाले. "घरातच बसेन. हर्शेलने सोसलं, तसं आता आपण सगळे मिळून सोसू."

यंत्रवाला ताजी माती दाबून सपाट करून गेला. दुपारी दक्षिणेचा दमट वारा पुन्हा सुटला आणि नैर्ऋत्येला पांढरे ढग चढायला लागले. मी मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले. आपापल्या अंगणात सगळे बाहेर आले, आधी ढगाकडे बघितलं, मग माझ्या परसातल्या लाल मातीकडे. रॉयसही आला, कपाळाला पट्टी बांधून. ज्या पडलेल्या तोंडासाठी मी पाच वर्षं झुरले, ते अखेर मला बघायला मिळालं, आणि एकाचं नाही, सगळ्या गल्लीचं. ढग जवळ येईपर्यंत मी तिथून हलले नाही.