क्षमाताईंचा शेवटचा भाग

“नावच क्षमा ठेवलंय मी तिचं. आता ती त्याच्याकडून माफी मागून घेत बसली, तर ते नाव ठेवलं कशाला?” मास्तर म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला.

“तिनं मागून घ्यावी असं कुठे म्हणतेय मी? त्याला मागू तरी द्या. घर सोडून गेलेला नवरा इतक्या वर्षांनी दारात येतो, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत ही म्हणते, काही बोलू नका, मी केव्हाच क्षमा केली. एक वाक्य द्या त्याला, मास्तर. ‘चुकलं’ एवढंच.”

“मागावी लागली तर ती क्षमा कसली, ताई?” मास्तर म्हणाले. शाळेत वर्गाला गप्प करायचा तोच आवाज. “अर्ध्या तासात शेवटचा भाग आहे. आता कागदाला हात लावायचा नाही.”

रेडिओ केंद्राच्या त्या अरुंद बोळकांडीत, मालिकेत क्षमाचं काम करणाऱ्या तिनं कागद छातीशी धरले. मास्तरांशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं, हे तिला मालिका सुरू झाल्यापासून ठाऊक होतं.

मास्तरांची लिहायची तऱ्हाच तशी होती. आधी शब्दकोश उघडायचा, नाव शोधायचं, त्याचा अर्थ नीट समजून घ्यायचा आणि मग त्या अर्थाला हातपाय लावायचे. नवऱ्याचं नाव चंचल. आता ज्याचं नावच चंचल, तो घरात टिकणार कसा? तो तिसऱ्याच भागात पळाला. शेजारीण मंजूषा, म्हणजे पेटी, म्हणून साऱ्या गल्लीची गुपितं तिच्या पोटात. दीर विवेक, तो चहा प्यायचा की नाही यावरही पाऊण भाग विचार करायचा. लोक हसायचे, पण दर आठवड्याला न चुकता ऐकायचे. आणि या सगळ्यांच्या चुका पोटात घालायला क्षमा होतीच.

क्षमाचा आवाज हिचा. एरवी ही दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. पहिल्याच वर्षी कुणीतरी खिडकीतून वाकून म्हणालं, “अहो, तुम्ही क्षमाताई तर नव्हे?” आणि तेव्हापासून तिला तेच नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडायचं.

सुरुवातीला तिला गंमत वाटली. हो, वाटणारच. बाजारात लोक वाट करून द्यायचे, म्हाताऱ्या बायका गालावरून हात फिरवायच्या. पण हळूहळू त्या नावाचा जाच सुरू झाला. रांग मोडून पुढे घुसणारा हसून म्हणायचा, तुम्ही थोडंच रागावणार आहात. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तिची छत्री नेली, मोडून आणली, कोपऱ्यात उभी केली आणि वर ऐकवलं, “क्षमाताईंना काय सांगायचं, त्यांनी केव्हाच सोडून दिलं असेल.” छत्रीचं काही नाही हो. पण माणसानं दोन शब्द बोलावेत की नाही?

आणि घरी धाकटी होती. घर दोन मजली. वर ही एकटी, खाली धाकटी बहीण आणि तिचा नवरा. त्या नवऱ्याचं लग्न आधी हिच्याशी ठरलं होतं. चांगलं वर्षभर ठरलेलं होतं, दोघं मिळून भाड्याच्या खोल्याही बघून आली होती. मग एक दिवस त्यानं धाकटीशी लग्न करायचं म्हटलं, आणि धाकटी मान खाली घालून उभी राहिली. हिनं ब्र काढला नाही. लग्नाची सगळी धावपळ हिनंच केली. लोकांनी केवढं कौतुक केलं. त्या कौतुकाच्या गडबडीत धाकटी काही बोललीच नाही, आणि पुढे क्षमाताई हे नाव घरातही आल्यावर तर बोलायची गरजच उरली नाही. राग केव्हाच निवला होता. पण कुणी आपल्याला विचारलंच नाही, हे मात्र तिला अजून सलायचं, अगदी जिना चढतानासुद्धा.

आज सकाळी धाकटीनं खालूनच विचारलं होतं, “ताई, शेवटी ती त्याला घरात घेते ना गं?”

“संध्याकाळी ऐक की,” ही म्हणाली होती.

लाल दिवा लागला. त्या काळी सगळं थेट जायचं. बोललात ते घराघरांत पोचलं, परत घ्यायची सोय नाही. काचेपलीकडे मास्तर बसले. चंचलचं काम करणारा शिंपी तिच्यासमोर उभा राहिला, माइक दोघांत एकच. त्याला या भागात दारावर टकटक करून नुसतं “क्षमा” म्हणायचं होतं. बाकी सगळं हिचं.

त्यानं लाकडी फळीवर टकटक केलं. “क्षमा,” तो म्हणाला.

तिनं कागदावर बघितलं. ‘काही बोलू नका.’ ओळ समोर होती, पाठही होती. तोंडातून निघेना. तिनं कागद खाली केला आणि शिंप्याकडे बघत राहिली.

काचेपलीकडे मास्तर अर्धे उठले. त्यांनी हातानं ‘बोला, बोला’ केलं. ती ढिम्म. रेडिओवरची शांतता फार लांब असते. शिंप्यानं आपला कागद उलटला, पालटला. तिथे काही नव्हतं. कपाळावर घाम आला बिचाऱ्याच्या. त्यानं पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते त्याला समजलं असावं. त्यानं चष्मा काढला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. नाटकी आवाजात नव्हे, दुकानात बोलायचा त्या आवाजात. “फार चुकलं.”

लिहिलेलं सगळं भाषण बाजूला राहिलं.

“या आत,” ती म्हणाली.

बाहेर मास्तर लालबुंद होऊन उभे होते. “इतकी वर्षं जपलेली माझी क्षमा तुम्ही शेवटच्या मिनिटाला साधी बाई करून टाकलीत.”

“तिचं राहू द्या, मास्तर. तुमचा चंचल तरी माणसात आला,” ती म्हणाली. शिंप्यानं तोंड फिरवून हसू लपवलं. मास्तर फाटकापर्यंत सोबत आले आणि तिथे त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. तसं त्यांनी कधी केलं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा खालच्या स्वयंपाकघरात दिवा होता. धाकटी टेबलाशी बसलेली, समोर चिरायला घेतलेली भाजी तशीच. तिचा नवरा बाहेर पाय मोकळे करायला गेला होता म्हणे, न जेवताच.

“मधेच एवढी गप्प का झालीस गं?” धाकटीनं विचारलं. “आम्हाला वाटलं रेडिओ बिघडला. ह्यांनी दोनदा थोपटला.”

“रेडिओ ठीक आहे तुमचा.”

धाकटी सुरी हातात फिरवत राहिली. केस पिकायला लागले होते तिचे, हिच्याआधीच. एरवी अशा वेळी ताई काहीतरी बोलून टाकायची, भाजी ओढून चिरायला लागायची, वर निघून जायची. आज ती दारातच थांबली.

“ताई,” धाकटी म्हणाली. तिनं सुरी खाली ठेवली. “मी तुला तेव्हा काही विचारलंच नाही.”

‘जाऊ दे गं, त्याला किती वर्षं झाली,’ असं अगदी जिभेवर आलं होतं.

“नाही विचारलंस,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून धाकटीसमोर बसली.