नत्थूजींचे वाढते दात

हिंगणघाटच्या एका कापडगिरणीत नत्थूजी जॉबर, म्हणजे मुकादम, होते. मागावरच्या कामगारांना ते ज्या त्वेषाने हाकत, त्याच त्वेषाने रोज सकाळी नळावर दात घासत. कोळसा, विटेचा भुगा आणि खडं मीठ कुटून त्यांनी स्वतःचं मंजन केलं होतं. ब्रश बाजारातला सर्वांत राठ. तो आडवा ओढायचा, रक्त येईस्तोवर. रक्त आलं की जिवाला समाधान.

"घान निंघून राह्यली," ते सांगत.

जॉबरला नाही म्हणायची मोहल्ल्यात कोणाची छाती? मंजनाचे डबे घरोघरी पोचले. फक्त त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, डब्याला हात लावला नाही. त्या बाभळीची कोवळी काडी चावून नरम करत आणि हळूच दातांवर फिरवत.

"दात घासतं का पोराले थोपटतं?" नत्थूजी हसत.

अठ्ठ्याहत्तर साली, पन्नाशी ओलांडताना, त्यांना आरशात एक शोध लागला. दात लांब झाले होते! शेजारच्या तानबाला त्यांनी ओठ वर करून दाखवला. "पाय, या वयात दात वाढून राह्यले. मंजनाचा गुन."

"उंदराचे वाढतात म्हंतात," तानबा भोळेपणानं बोलला. नत्थूजींनी ते कौतुकात जमा केलं.

पुढं वडनेरला भाच्याच्या लग्नात त्यांनी गार मठ्ठ्याचा घोट घेतला आणि भर पंगतीत ताडकन उभे राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोकांना वाटलं, मामाला भरून आलं. नत्थूजींनीही तसंच वाटू दिलं.

त्याच हिवाळ्यात गिरणीत दातांचं शिबिर लागलं. मनकर्णाबाईंच्या आळशी घासण्याचा निकाल डॉक्टरकडूनच लागावा, म्हणून नत्थूजी त्यांना सोबत घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी मनकर्णाबाईंचं तोंड तपासलं आणि म्हणाल्या, "छान आहेत हिरड्या." मग नत्थूजींचं तोंड पाहून कशानं घासता ते विचारलं, तेव्हा नत्थूजींनी ऐटीत मंजनाची सगळी कृती सांगितली.

"वाढले ना?" नत्थूजींनी विचारलं.

"दात होते तेवढेच आहेत, काका. हिरड्या मागे हटल्यात. मुळं उघडी पडलीत, म्हणून गार लागतं."

"मांगं हटनं आमच्या खानदानात नाई, बाई."

"मग या हिरड्या तुमच्या खानदानातल्या नसतील," बाई शांतपणे म्हणाल्या. "विटेनं घासून तुम्हीच त्यांना हाकलून दिलंत."

रांगेतले कामगार हसले. रोज त्यांच्या शिव्या खाणारे कामगार!

"आता वापस येतीन का?" नत्थूजींनी हळूच विचारलं.

"गेल्या त्या गेल्या. उरल्यात त्या सांभाळा. नरम ब्रश घ्या, पेनासारखा हलका धरा, हिरडीकडून दाताकडे फिरवा. दातांवर साचलेलं कीट काढून घ्या. तंबाखू बंद."

घरी येईस्तोवर मनकर्णाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर नत्थूजींना निदान ओरडता तरी आलं असतं.

त्यांनी नरम ब्रश आणला, पण घासायचे ते मोरीचं दार लावून. मंजनाबद्दल कोणाजवळ ब्र काढला नाही. इज्जतीचा सवाल होता. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी नळावर तानबाची पोरगी गुलाब भेटली. ती लालभडक चूळ थुंकली आणि हसून म्हणाली, "काकाजी, मलेही तुमच्यासारखं रक्त येते आता!"

सतरा वर्षांची पोर. नत्थूजींनी तिच्या हातातला डबा हिसकावला, गटारीत उपडा केला, आणि मग दारोदार फिरून बाकीचे डबे मागू लागले. "माहं चुकलं, बाप्पा. हे दाताले लावू नका."

जॉबर चूक कबूल करतो, यावर कोणाचा विश्वास बसेना. नागपूरच्या कोण्या कंपनीनं मंजन विकत घेतलं असेल, म्हणून वापस मागून राह्यले, असं बायका कुजबुजल्या. तानबानं तर डबा संपला म्हणून सांगितलं आणि गोठ्यात लपवला. दोन दिवसांनी नत्थूजींनी भिंतीवरून उडी मारून तो शोधून काढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत उकिरड्यावर रिकामा केला.

"काऊन फेकता? चांगलं होतं ना!" तानबा कळवळला.

पोळ्यापर्यंत तो त्यांच्याशी बोलला नाही.