यंत्र लावलेला दिवस

शरीर कधीही खोटं बोलत नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांचं ठाम मत होतं. क्रेनवाल्याचा अनुभव एवढाच, की चारचौघांत विचारलं की ते गप्प बसतं.

बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये दोनदा त्याचं काळीज असं फडफडलं होतं, की डोळ्यांपुढे अंधारी आली. वर लोखंडाचा भारा लटकतोय, खाली माणसं वावरतायत आणि मध्ये हा. त्या दिवसापासून तो आपण होऊन घरी बसला होता. पण दवाखान्यात ईसीजीसाठी आडवं केलं, की तेच हृदय पाहुण्यांसमोरच्या कार्ट्यासारखं गुणी होई.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं होतं. हृदय वाढलंय, भिंती ताणल्या गेल्यात, मधूनमधून चट्टे पडलेत. ठोक्याचा करंट पूर्वी सरळ जायचा, तो आता वळसे घेत जातो. एखाद्या चट्ट्याभोवतीच तो गरगर फिरत राहिला, तर हृदय नुसतं थरथरेल, रक्त पुढे ढकलणार नाही. तसं काही नोंदलं गेलं, तर आत बॅटरीचं यंत्र बसवायचं की गोळ्यांवर भागवायचं ते ठरेल. म्हणून एक दिवस आणि एक रात्र छातीला वायरी चिकटवून, कमरेला ठोके नोंदणाऱ्या यंत्राची डबी अडकवून हिंडायचं. फडफडलं की डबीवरचं बटण दाबायचं.

"रोज वागता तसंच वागा," डॉक्टर म्हणाले होते. "जिने चढा, चिडा. आपल्याला चोर पकडायचाय."

क्रेनवाल्याला हुरूप आला. घरी त्याचं काळीज दोनच वेळा फडफडायचं: जिना चढताना आणि मेहुण्याशी बोलताना. दोन्ही गोष्टी हाताशी होत्या.

पण त्याची बायको मुख्याध्यापिका होती. सगळं गाव तिला बाई म्हणे, आणि पाठीमागे तोही. टेस्ट म्हटली की ती पास व्हायची असते, यापलीकडे दुसरा काही उद्देश बाईंना नोकरीच्या सबंध काळात आढळला नव्हता.

सकाळपासून त्याला सोफ्यावर झोपवण्यात आलं. टीव्हीवरच्या बातम्या बंद. शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन बंद. चपला कुठे गेल्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारी मेहुणा आला तेव्हा क्रेनवाला आशेने उठून बसला, पण त्यालाही फोनवरून तंबी मिळालेली होती. वीस वर्षांत एकाही गोष्टीला हो न म्हणालेला हा माणूस मांडी घालून नंदीबैलासारखा डोलू लागला.

"तुझी ती गाडी भंगारात घाल," क्रेनवाल्याने खडा टाकला.

"बरोबर आहे, दाजी."

"आणि ती घेताना तुला अक्कल नव्हती."

"नव्हतीच, दाजी."

क्रेनवाल्याला संताप आला, पण त्या मायाळू चेहऱ्यासमोर तोही नीट येईना.

शेवटी तो बायकोवरच घसरला. "अगं, मला नापास व्हायचंय. त्यासाठीच लावलंय हे."

"माझ्या घरात आजवर कोणी नापास झालेलं नाही," बाई म्हणाल्या. मग उशी सरळ करता करता त्यांचा आवाज खाली आला. "नापास झालात तर ते चिरतील तुम्हाला. पडून राहा."

तो पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी यंत्र परत दिलं. रिपोर्ट पाहून डॉक्टर हिरमुसले. इतका स्वच्छ आलेख तरुण पोरांचाही येत नाही, म्हणाले. पण याने काहीच सिद्ध होत नाही. क्रेनवर चढायचं नाही, टेस्ट पुन्हा करू, मात्र यंत्र एकच आणि रांग मोठी, तेव्हा पुढच्या महिन्यात. बाईंनी यातलं पहिलंच वाक्य ऐकलं आणि दवाखान्याच्या दारातूनच नातेवाइकांना फोन लावले.

घराच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. बाई पेढ्याचा पुडा घेऊन पुढे, मागे क्रेनवाला, त्याच्यामागे मेहुणा. परीक्षा संपल्यामुळे मेहुणा आता मोकळा होता.

"दाजी, काल गाडीबद्दल काय म्हणालात? स्वतः आयुष्यभर दुसऱ्याची क्रेन चालवली, आणि मला अक्कल शिकवता?"

क्रेनवाल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि छातीत फडफड सुरू झाली. डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो पायरीवर बसला. हात सवयीने कमरेकडे गेला.

बाईंच्या हातातला पुडा खाली पडला. "अहो, दाबा ना ते बटण," त्या म्हणाल्या.

यंत्र तोवर रांगेतल्या पुढच्या पेशंटच्या कमरेला होतं.