मुकादमाचं घर

बाबा गवंडी होते. शहरात कुठेही गेलो तरी एखाद्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणायचे, "तो जिना माझा," नाहीतर "ती कमान माझी." आम्ही मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. छत गळायला लागलं की आई खाली पातेलं ठेवता ठेवता विचारायची, "अहो, एखादा चांगला गवंडी आहे का ओळखीचा?"

"आहे की," बाबा म्हणायचे. "पण घरच्या कामाला त्याला सवड नसते."

मी तिसरीत असताना मला मोठं दुखणं आलं. शाळा बुडाली, खेळ बंद झाला. दिवसभर भिंतीकडे बघत पडून राहायचं. मग बाबांनी पाडकामातल्या दुकानाची जुनी काच मालकाला विचारून आणली, कापून जोडली आणि माझ्या खाटेशेजारी माशांची पेटी उभी केली. त्यात चार बारीक चंदेरी मासे आणि एक मोठा नारिंगी, कपाळावर काळा ठिपका असलेला. हा नारिंगी एका कोपऱ्यात जायचा, थांबायचा, बघायचा आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघायचा.

"हा आमचा मुकादम," बाबा म्हणाले. "स्वतः काही करणार नाही, पण सगळीकडे नजर."

कामावरून आले की दारातूनच हाक यायची, "मालकीणबाई, मुकादम हजर आहे का?" मी दिवसभराचा अहवाल द्यायचे. त्या दिवसांत मला दुसरं बोलायला विषयच नव्हता आणि खरं सांगायचं तर नकोही होता.

मी उठून बसू लागले तेव्हा बाबांच्या मनात आलं, मुकादमाला घर पाहिजे. उरलेलं सिमेंट घरी आणून ते सुट्टीच्या दिवशी बसायचे. दोन मजले, बाहेरून जिना, गच्चीला कठडा. खिडक्या एवढ्या की मुकादम आरपार जावा. आई भाजी निवडायला मुद्दाम त्यांच्याजवळ येऊन बसायची.

"स्वयंपाकघर कुठलं?"

बाबांनी थापीच्या टोकाने दाखवलं. "हे. दोन खिडक्या आहेत बघ. सकाळचा उजेड थेट आत."

"माशांना दोन खिडक्या," आई म्हणाली. "नशीब काढलंय मेल्यांनी." पण तिने ते घर हातात घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं.

सिमेंट वाळलंसं वाटलं त्याच संध्याकाळी घर पाण्यात गेलं. मुकादमाने सगळी दारं-खिडक्या तपासल्या. आम्ही तिघं काचेला नाक लावून बसलो होतो.

आठवड्याभरात त्याचं काहीतरी बिनसलं. पंख अंगाशी चिकटवून तो पाण्याबाहेर तोंड काढून राहू लागला. अंगावर धुरकट पातळ थर चढला. "रजेवर गेलाय," असं बाबा म्हणाले, पण हसले नाहीत. मी जेवण सोडलं. नुकती अंगाला लागू लागलेली पोर पुन्हा खंगेल, या धास्तीने आईने बाटलीत पेटीतलं पाणी भरलं आणि मला घेऊन माशांच्या दुकानात गेली.

त्या दुकानदाराला आम्ही मुलं बुडबुडेकाका म्हणायचो, कारण दुकानात पाऊल टाकलं की सगळ्या बाजूंनी बुडबुड्यांचाच आवाज यायचा. त्यांनी पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. ती गडद निळी झाली. हल्ली याला पीएच वाढला म्हणतात. काका म्हणाले, "पाणी चढलंय, वहिनी. आत नवीन काय ठेवलंत?"

"घर," मी म्हणाले.

"सिमेंटचं," आई म्हणाली. "आमच्या ह्यांनी बांधलंय."

काकांनी चष्मा काढला. "ताजं सिमेंट पाण्यात चुना सोडत राहतं. आधी ते बाहेर काढा. मग रोज दोन तांबे पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं दोन तांबे घालायचं. हे झाडाचं मूळ उकळून आत ठेवा, त्यानेही हळूहळू फरक पडेल. पण घाई अजिबात नको. पाणी एकदम उतरवलंत तर उतरलेल्या पाण्यानेच मासा जाईल." आणि त्यांनी मूठभर पट्ट्या मला दिल्या.

घर जवळ आल्यावर आई म्हणाली, "बाबांना मी सांगते. तू मध्ये बोलायचं नाहीस."

बाबा आले ते खिशातून तारेचं इवलंसं फाटक काढतच. "मुकादमाच्या अंगणाला!"

"अहो, ते घर बाहेर काढावं लागेल."

"का? गळतंय?"

आईने सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "माझ्या सिमेंटात भेसळ नसते!"

"नाही ना. म्हणूनच उतरलाय एवढा चुना."

बाबांनी बाही सारून हात आत घातला आणि भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी साय आली. तिच्याकडे ते बघत राहिले. मग मोरीतली व्हिनेगरची बाटली घेऊन आले. सिमेंटने सोलवटलेले हात रोज संध्याकाळी ते व्हिनेगरच्या पाण्याने धुवायचे. "आंबटाने चुना मरतो. घर काढायची गरज नाही," म्हणत त्यांनी दोन झाकणं ओतली.

पट्टीचा निळा रंग खरंच उतरला. "बघा!" बाबा म्हणाले. सकाळी उठून पाहिलं तर पट्टी पुन्हा गडद निळी, एक चंदेरी मासा तळाशी मेलेला आणि मुकादम कुशीवर कलंडलेला. मी रडायला लागले. बाबा पुन्हा बाटलीकडे वळले तशी आईने ती उचलून पदराखाली धरली.

"रोज हातांना लावता ना हे? संध्याकाळी बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी हात परत सिमेंटात. बरे झाले कधी?"

बाबांनी हातांकडे पाहिलं. "माझ्यामागे पोट आहे," ते हळूच म्हणाले. "त्याला बिचाऱ्याला कसली सक्ती?"

दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला न्हाणीतून उचलावं तसं त्यांनी घर बाहेर काढलं. सगळ्या खिडक्यांतून पाणी गळत होतं. ते त्यांनी पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवलं. "नव्या बांधकामाला भरपूर पाणी मारावं लागतं. लोकांना मीच सांगत असतो. स्वतःच्या वेळी विसरलो."

मग रोज दोन तांबे काढायचे, दोन घालायचे. मूळ उकळलेलं पाणी चहासारखं झालं. "आता ह्यातच तुमचा चहा टाकते," आई पातेलं घासताना करवादली. मी सकाळ-संध्याकाळ पट्टी बुडवायचे. रंग रोज जेमतेम बदलायचा. एका दुपारी मुकादम सरळ झाला, कोपऱ्यात गेला, थांबला, त्याने बघितलं आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघाला.

संध्याकाळी दारातून हाक आली. "मालकीणबाई, मुकादम?"

"रुजू झाला!" मी ओरडले. बाबा पायातली चप्पल न काढताच आत धावत आले. आईने त्या दिवशी त्यांना काही म्हटलं नाही.

बादलीतलं पाणी ते पुढे कितीतरी दिवस बदलत होते. एकदाची पट्टी निळी व्हायची थांबली. पण तोवर मुकादमाने मुळाखाली मुक्काम ठोकला होता. आई म्हणाली, "त्याची सोय झाली. हे मला राहू दे." घर स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एक खिडकीत गेलं आणि फाटक बाबांनी तिथे बसवलं.

पुढे आम्ही बऱ्याच खोल्या बदलल्या, सगळ्या भाड्याच्याच. दर वेळी आई ते घर जुन्या साडीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायची. कुंड्यांना पाणी घालून झालं की बाबा आतून विचारायचे, "घराला पाणी मारलंस का गं?" आणि आई उरलेला तांब्या त्याच्या गच्चीवर रिता करायची. बाबा गेल्यावरही तिची ती सवय गेली नाही.

आता ते माझ्या गॅलरीत आहे. जिन्यावर शेवाळ धरलंय. लेक म्हणते, "आई, त्याला कशाला पाणी? झाड आहे का ते?" मी घालते. फाटक गंजून तुटलं, ते मागच्या वर्षी तारेचंच नवं करून घेतलं. स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या मात्र शाबूत आहेत. सकाळी त्यांतून थेट आत उजेड येतो.