अर्धा हॉल बंद

बोनकोड्यातली जुनी इमारत खचली, तेव्हा तिथल्या कुटुंबांना कोपरखैरण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉलमध्ये आणून ठेवलं. हॉलचं बुकिंग वैजयंती बघायची. तिने सॉफ्टवेअरमध्ये हॉलचा मागचा अर्धा भाग महिनाअखेरपर्यंत बंद केला आणि मधे प्लायवूडची भिंत उभी करून घेतली. बंद ठेवण्याचं कारण भरायचं होतं. ट्रस्टचे सेक्रेटरी जयप्रकाश म्हणाले, दुरुस्ती लिहा. आत बेघर माणसं आहेत कळलं तर पुढचा भागही कोणी घेणार नाही. एकाही पार्टीची तक्रार आली तर मागचा भाग लगेच रिकामा करायचा, हेही त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं.

त्यामुळे रविवारी लग्नाला आलेल्या मंडळींना भिंतीपलीकडे कोणी राहतं याचा पत्ताच नव्हता.

मंगलाष्टकं चालू असताना, भिंतीपलीकडे आजारी वडिलांजवळ राहायला आलेली सुचिता मागच्या दाराने ऑफिसात आली. तिचे वडील रामचंद्र दम्याने अंथरुणावरच होते. आता ते हाक मारली तरी बघत नव्हते. वैजयंतीने जवळच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मान हलवली.

वैजयंती म्हणाली, मी बँड बंद करायला सांगते. ती वळली तशी रामचंद्रांच्या बायकोने, केशरबाईंनी, तिचं मनगट धरलं.

"नको बाय. जेवना होऊ दे त्यांची."

"अहो काकू, असं कसं?"

"तक्रार झाली त ही पोराबाळांची मानसं कुठं जातील? आमी मागनं रडू."

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून भोवती बसल्या. कोणीतरी मुलांना खाली पटांगणात नेलं.

वैजयंती पुढे आली, तर नवरीचे वडील तिलाच शोधत होते. माणसं जास्त आली होती, खुर्च्या कमी पडत होत्या. जादा खुर्च्यांची थप्पी भिंतीपलीकडे होती, रामचंद्रांच्या उशाशी. तिने त्यांना थांबायला सांगितलं आणि स्वतः आत गेली. काही बोलावं लागलं नाही. सुचिताच उठली आणि थप्पीतली एकेक खुर्ची आवाज न करता उतरवून तिच्या हातात देऊ लागली. केशरबाईंनी नवऱ्याची गादी थोडी बाजूला ओढली. पलीकडे बँडने नाचाचं गाणं धरलं होतं.

मंडळी पांगल्यावर संध्याकाळी शववाहिनी आली. आता मोकळेपणाने रडायला हरकत नव्हती. सुचिता रडली. केशरबाईंना मात्र रडू येईना. त्या नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावत राहिल्या.

महिना संपत आला तशी वैजयंतीने स्वतःहून मागच्या भागाची मुदत वाढवली. दुसऱ्या दिवशी जयप्रकाशनी तिच्यासमोरच ती काढून टाकली.

ती म्हणाली, "सर, एकही तक्रार आलेली नाही."

"तक्रारीचा विषय नाही. एका साखरपुड्याला पूर्ण हॉल हवाय," ते म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले.

कुटुंबं मिळेल तिथे गेली. सुचिताने आईला कळंबोलीला आपल्या सासरी न्यायचं ठरवलं. तिथे खोली एकच होती. वैजयंती गाद्या टेम्पोत चढवू लागली. केशरबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. काकू, मला माफ करा, असं म्हणायला ती खिडकीपाशी गेली. केशरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी काच वर केली.