ओटीतली तूर

अतुलच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, आणि त्याचा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला. ‘काका, आमची बियाणे कंपनी घरच्या तुरीची नोंदणी करते आहे. तुमची हरकत नाही, एवढं दोन ओळींत कळवा,’ असं या पुतण्याने पुण्याहून लिहिलं होतं. माझ्या बायकोला, कौसल्येला, जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. मी ते पत्र वाचत्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं.

आता त्याची बायको वैष्णवी, माहेरी जाता जाता, कळंबला माझ्यासमोर येऊन बसली होती. मोबाईलवर तिने नव्या वाणाच्या अर्जाची सरकारी जाहिरात उघडली. पैदासकार, म्हणजे वाण तयार करणारा, म्हणून अतुलचं नाव होतं.

“काकूचं नाव कोठीच नाही, काका.”

दर हंगामात कौसल्या शेतात फिरून, शेंगा लवकर भरलेल्या झाडांना जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची. बी त्यांचंच ठेवायची. मी बांधावर वाचत बसलेला असायचो. ते बी तिने कधी विकलं नाही. घरात नवी सून आली की तिची ओटी मात्र त्याच तुरीने भरायची.

“ओटीतलं ते बी मी घरी शिजवनार होती,” वैष्णवी म्हणाली. “ह्यायनं गाडीतच पदरातून काढून घेतलं. म्हने, येडी हायेस काय, डाळ बजारात भेटते.”

कायद्याची पुस्तिका मी पुन्हा पुन्हा वाचली होती, तरी बोलताना आवाज चाचरला. “वाणाला शेतकऱ्याचंही नाव लागते. जाहिरातीपासून तीन महिन्यांत हरकत घेता येते. पन त्याले तुही साक्ष लागन. त्याची नोकरी जाईल.”

“जाऊ द्या. काहून, दया येऊन राह्यली?”

मी मनात दया शोधून पाहिली. सापडली नाही.

वैष्णवीने शपथपत्रावर सही केली. हरकत दिल्लीला नोंदणी कार्यालयात पोचली, तसा अतुलचा फोन आला.

“काका, तुमी तं कोनाले मोठ्यानं बोलत नाही! घरातलं भांडन सरकारात कायले नेता? हरकत मागं घेतो, एवढं लिहून द्या.”

“लिहितो,” मी म्हणालो.

कौसल्येच्या मडक्यातून ओंजळभर तूर काढली. बाकी बियाण्याला ठेवली. जात्याचा खुंटा तिच्या हाताने गुळगुळीत झाला होता. माझ्या मुठीत तो फिरेचना. तरी सगळी भरडली. एकही दाणा अख्खा ठेवला नाही. सोबत चिठ्ठी लिहिली: ‘चि. अतुल, तुझ्या बायकोची ओटी तू रिकामी केलीस. ही काकूची तूर. शिजवून खा.’

पोस्टातल्या बबलूने पाकीट हलवून पाहिलं. “काका, काय हाय यात?”

“डाळ.”

“पुन्याले डाळ? तिथं भेटत नाही काय?”

“भेटते. पन ही पेरली तं उगवत नाही.”

तो हसला आणि त्याने शिक्का मारला. पाकिटाच्या कोपऱ्यातून थोडी सालं खिडकीच्या फळीवर सांडली होती. ती मी तळहाताने गोळा केली आणि खिशात घातली.